चित्रकथेतील शैलीपरिवर्तन आणि चित्रकाराचे कर्तृत्व : आल्बेर्तो ब्रेच्चा यांच्या संदर्भात

१

चित्रकथा हा वाङ्मयप्रकार मानावा की चित्रकलेचे एक उपयोजित रूप, या प्रश्नाचा निर्णय मराठी समीक्षेने बहुधा टाळलेला आहे. बालवाङ्मयाच्या विवेचनात चित्रकथेचा उल्लेख येतो. पण तो प्रकाशनसंस्था, मालिका आणि फार तर संहितालेखक यांच्या अनुषंगाने. चित्रकाराचे नाव आलेच तर 'चित्रे अमुक यांची' या नोंदीपलीकडे विवेचन सरकत नाही. या नोंदीमागे एक गृहीत दडलेले असते. कथा संहितेतच पूर्ण झालेली असते आणि चित्रे ती दृश्य करून दाखवतात, हे ते गृहीत होय. ते मान्य केले की चित्रकाराच्या शैलीत कालांतराने घडलेला बदल हा हातसफाईच्या वाढीचा किंवा बाजाराच्या मागणीचा भाग ठरतो. कथेच्या अर्थाशी त्याचा काही संबंध उरत नाही.

हे गृहीत कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात अर्जेंटिनातील चित्रकार आल्बेर्तो ब्रेच्चा (१९१९–१९९३) यांच्या कामाच्या आधारे तपासावयाचे आहे. ब्रेच्चा यांची निवड दोन कारणांनी सयुक्तिक ठरते. एक म्हणजे, सुमारे पाच दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी आपली शैली वारंवार मोडली आणि नव्याने घडवली. दुसरे म्हणजे, एकाच लेखकाची एकच कथा बारा वर्षांच्या अंतराने दोन चित्रकारांनी रेखाटल्याचे जे एक दुर्मीळ उदाहरण या प्रकाराच्या इतिहासात आढळते, त्यातील दुसरे चित्रकार ब्रेच्चा आहेत. संहिता पुष्कळशी स्थिर आणि रेषा बदललेली, अशी ही स्थिती असल्यामुळे रेषेचे कार्य वेगळे काढून पाहणे शक्य होते.

ब्रेच्चा यांची कीर्ती मर्यादित राहिली. व्यवसायातील चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले; सामान्य वाचकाच्या आणि साहित्याभ्यासकाच्या स्मरणात मात्र त्यांच्या सहकारी लेखकांची नावे अधिक ठळक राहिली. 'मॉर्ट सिंडर' ही त्यांची महत्त्वाची चित्रकथा १९६४ साली पूर्ण झाली. तिचे इंग्रजी पुस्तक निघण्यास २०१८ साल उजाडावे लागले. इंग्रजीच्या वाटेने जगाचे वाङ्मय जाणणाऱ्या भारतीय वाचकाला ते अपरिचित राहिले, यात नवल नाही.

२

ब्रेच्चा यांचा जन्म उरुग्वाय देशातील मोन्तेविदेओ येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह ब्वेनोस आयरेसला आले आणि मातादेरोस या कत्तलखान्यांच्या वस्तीत वाढले. तरुणपणी जनावरांची आतडी साफ करण्याच्या कारखान्यात त्यांनी मजुरी केली. चित्रकला हा त्या कामातून सुटण्याचा मार्ग होता. आणि पोटासाठी पत्करलेल्या व्यवसायात जे मागितले जाई ते पुरवणे, हीच त्यांच्या पहिल्या काळाची रीत होती. १९४० नंतरच्या दशकात 'पातोरुसितो' या साप्ताहिकातील 'वितो नेर्व्हियो' ही गुप्तहेरकथा त्यांच्याकडे आली. या काळातील त्यांची रेषा अमेरिकन वृत्तपत्रांतील साहसकथांच्या वळणाची आहे. आकृतीची बाह्यरेषा स्पष्ट, छायेची जागा ठरलेली, पार्श्वभूमी कथेला पुरेल इतकीच. वाचकाला चौकटीत जे दिसते ते निःशंकपणे दिसते. रहस्य कथानकात असते, चित्रात नसते.

या टप्प्यावर घडलेला एक प्रसंग ब्रेच्चा यांनी स्वतःच नमूद केलेला आहे. इटालियन चित्रकार हुगो प्रात्त हे त्या काळी ब्वेनोस आयरेसमध्ये काम करीत होते. अधिक चांगले करण्याची कुवत असताना स्वस्त माल खपवल्याबद्दल त्यांनी ब्रेच्चा यांची अत्यंत अशिष्ट शब्दांत निर्भर्त्सना केली. ब्रेच्चा दुखावले गेले, परंतु आरोप खरा असल्याचे त्यांनी मान्य केले. पुढे लेखक एक्तोर हेर्मान ओस्टरहेल्ड यांच्याबरोबर 'शेरलॉक टाइम' (१९५८–५९) ही मालिका करताना हा बदल प्रथम दिसू लागतो. काळ्या रंगाचे क्षेत्र वाढते, आकृती अंधारातून अर्धवट बाहेर येतात आणि वाचकाला काही भाग स्वतः पूर्ण करावा लागतो. चित्रातील माहिती कमी झाली आणि चित्राचा अर्थ वाढला, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

३

१९६२ ते १९६४ या काळात 'मिस्तेरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्ट सिंडर'मध्ये ही प्रक्रिया परिपक्व झाली. लंडनमधील एझ्रा विन्स्टन नावाचा वृद्ध पुराणवस्तुविक्रेता आणि वारंवार मरून पुन्हा जिवंत होणारा मॉर्ट सिंडर ही यातील प्रमुख पात्रे. दुकानातील एखादी जुनी वस्तू निमित्त ठरते आणि मॉर्ट आपल्या एखाद्या पूर्वायुष्याची हकीगत सांगतो. बॅबेलचा मनोरा, गुलामांना वाहून नेणारे जहाज, पहिल्या महायुद्धाचे खंदक, थर्मोपिलीची खिंड अशा स्थळी तो होता. इतिहास येथे विजेत्यांच्या नोंदींतून उलगडत नाही. प्रत्येक वेळी मेलेल्या एका माणसाच्या साक्षीतून तो येतो.

या संहितेला ब्रेच्चा यांनी शोधलेले उत्तर तांत्रिक दृष्ट्याही लक्षणीय आहे. कुंचला आणि टाक यांबरोबर त्यांनी दाढीचे पाते वापरले. शाईचा थर देऊन तो पात्याने खरवडला असता जी रेषा मिळते ती काढलेली नसते, उकरलेली असते. चेहऱ्यावरील सुरकुत्या, भिंतींचे पोपडे आणि थडग्यांचे दगड या सर्वांना एकच पोत प्राप्त होतो. माणूस आणि वस्तू यांवर काळाने सारखेच ओरखडे काढले आहेत, हे विधान संहितेत कोठेही शब्दांनी केलेले नाही. ते पात्याने केलेले आहे. एझ्राच्या चेहऱ्यासाठी ब्रेच्चा यांनी स्वतःचाच चेहरा वृद्ध कल्पून वापरला, तर मॉर्टसाठी त्यांचे साहाय्यक ओरासियो लालिया यांचा चेहरा आधारभूत ठरला. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या चित्रकाराने श्रोत्याच्या भूमिकेत स्वतःचे वार्धक्य रेखाटावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या कथेत ऐकणारा हाच चित्र काढणारा आहे.

ही मालिका चालू असताना ब्रेच्चा यांची पत्नी गंभीर आजारी होती. चित्रकथेच्या मानधनात औषधोपचाराचा खर्च भागत नव्हता. मालिका संपल्यावर त्यांनी काही काळ चित्रकथेचा व्यवसाय जवळजवळ सोडून अध्यापन पत्करले. होसे मुन्योस यांच्यासारखे पुढे युरोपात नावारूपाला आलेले चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकले. या मालिकेची थोरवी मान्य होण्यापूर्वीच तिच्या कर्त्याला तो व्यवसाय परवडेनासा झाला होता.

४

१९६८ साली ओस्टरहेल्ड, ब्रेच्चा आणि त्यांचे पुत्र एन्रिके यांनी चे गेव्हारा यांचे चित्रचरित्र प्रसिद्ध केले. चे यांची हत्या होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. लष्करी सत्तेच्या काळात या पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. १९८७ साली स्पेनमध्ये ते पुन्हा प्रकाशात आले. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर 'एल एतेर्नाउता' या कथेच्या दुसऱ्या आवृत्तीकडे पाहावे लागते.

'एल एतेर्नाउता' म्हणजे अनंतकाळाचा प्रवासी. ओस्टरहेल्ड यांची ही कथा फ्रान्सिस्को सोलानो लोपेस यांच्या चित्रांसह १९५७ ते १९५९ या काळात 'ओरा सेरो' साप्ताहिकातून क्रमशः आली. ब्वेनोस आयरेसच्या एका उपनगरातील घरात चार मित्र रात्री पत्ते खेळत बसले असता बाहेर चमकणारा हिमवर्षाव सुरू होतो आणि ज्याला त्याचा स्पर्श होतो तो मरतो. हुआन साल्वो हा गृहस्थ घरातील सामग्रीतून संरक्षक पोशाख तयार करून बाहेर पडतो आणि परग्रहावरील आक्रमकांविरुद्धच्या लढ्यात सामील होतो. एकटा वीर येथे नाही. सामान्य माणसांचा समूह हाच या कथेचा नायक आहे. सोलानो लोपेस यांची रेषा या आशयाशी पूर्णतः सुसंगत आहे. त्यांची माणसे शेजारीपाजारी भेटावीत तशी आहेत. त्यांचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात, त्यांवरील भीती वाचता येते, आणि रस्ते व क्रीडांगण वाचकाच्या परिचयाचे आहेत. ज्ञात जगावर अज्ञात कोसळले, हा परिणाम साधण्यासाठी जग ज्ञात असणे आवश्यकच होते.

१९६९ साली 'हेन्ते' या लोकप्रिय साप्ताहिकासाठी ओस्टरहेल्ड यांनी तीच कथा पुन्हा लिहिली. देशात तेव्हा जनरल ओंगानिया यांची लष्करी राजवट होती. नव्या संहितेत महासत्ता स्वतःचा बचाव करण्यासाठी दक्षिण अमेरिका खंड आक्रमकांच्या हवाली करतात, असा महत्त्वाचा बदल होता. परंतु त्याहून मोठा बदल चित्रांत होता. ब्रेच्चा यांच्या हिमवर्षावात नगर ओळखीचे राहत नाही. चौकटीचा बराच भाग पोतांनी, ठशांनी आणि डागांनी व्यापलेला असतो. आक्रमक प्राण्यांना निश्चित आकार नाही. ते चित्राच्या पृष्ठभागातच विरघळलेले वाटतात. माणसांचे चेहरे कोठे छायाचित्रासारखे रेखीव, तर कोठे दोन-चार फटकाऱ्यांत संपणारे आहेत. पहिल्या आवृत्तीत संकट बाहेरून येते. दुसऱ्या आवृत्तीत ते दृष्टीतच शिरलेले आहे. शत्रू कोण आणि तो कोठे आहे, याची खात्री नाहीशी झाल्याची जाणीव संहितेतील राजकीय फेरफारापेक्षा ही रेषा अधिक तीव्रतेने देते.

वाचकांना ही चित्रे रुचली नाहीत. साप्ताहिकाच्या संपादकांनी दुर्बोधतेबद्दल वाचकांची क्षमा मागितली आणि कथा घाईने गुंडाळण्यात आली. उरलेला विस्तीर्ण भाग निवेदनाच्या दाट मजकुरात कोंबून ती संपवावी लागली. पुढे लोकस्मृतीत सोलानो लोपेस यांचाच साल्वो रुजला. २०२५ साली या कथेवर आधारित दूरचित्रमालिका जगभर दाखवली गेली, तेव्हा त्या निमित्ताने झालेल्या चर्चेतही १९५७ ची आवृत्तीच प्रामुख्याने पुढे आली.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. संपादकांचा निर्णय राजकीय दडपणातून आला असे म्हणून प्रश्न मिटत नाही. दुर्बोधतेची तक्रार निराधार नव्हती. ज्या कथेचा नायक समूह आहे, त्या कथेत माणसांचे चेहरे पुसट झाले तर समूहाशी वाचकाचे नाते तुटते. पत्त्यांच्या डावाभोवतीची जवळीक ब्रेच्चा यांच्या आवृत्तीत क्षीण झाली आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु या मान्यतेतूनच प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा सिद्ध होतो. रेषा बदलल्याने कथेने काही गमावले आणि काही मिळवले असेल, तर रेषा ही कथेचे वस्त्र नसून कथेचे अंग आहे. एक आवृत्ती सहजीवनाची आहे आणि दुसरी अविश्वासाची. या दोन भिन्न कलाकृती आहेत, आणि त्यांतील भेदाचा मोठा वाटा चित्रकाराचा आहे.

५

यानंतरच्या काळात ब्रेच्चा यांनी साहित्यकृतींच्या रूपांतराकडे लक्ष वळवले. १९७३ पासून नोर्बेर्तो बुस्काल्या यांच्या साहाय्याने त्यांनी लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या भयकथा चित्रित केल्या. या कथांत भयाचा विषय वर्णनातीत असल्याचे निवेदक पुनःपुन्हा सांगतो. शब्दाला 'वर्णन करता येत नाही' असे म्हणता येते. चित्राला ही सवलत नाही, त्याला काहीतरी दाखवावेच लागते. ब्रेच्चा यांनी कोलाज, मोनोटाइप आणि शाईचे पातळ हात यांच्या मिश्रणातून अशी रूपे घडवली, की त्यांत प्राणी आहे हे कळते पण तो कसा आहे हे कळत नाही. वाचकाने आपले भय त्या आकारात स्वतः भरावे, अशी आपली भूमिका त्यांनी मुलाखतींतून मांडली होती. संहितेतील नकारात्मक विधानाचे दृश्य प्रतिरूप शोधण्याचा हा प्रयत्न भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटावा.

याच दशकात पो यांच्या 'टेल-टेल हार्ट' या कथेच्या रूपांतरात त्यांनी नेमकी उलट रीत अवलंबिली. येथे पोत नाही, छटा नाहीत. निखळ काळा आणि पांढरा आहे. एकच चौकट अत्यल्प फरकाने लागोपाठ येते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात मांडलेल्या संवादलय आणि विरोधलय या संकल्पना येथे उपयुक्त ठरतात. सारख्या चौकटींच्या पुनरावृत्तीतून संवादलय निर्माण होते आणि एखाद्या चौकटीतील सूक्ष्म बदल तिला छेद देतो. निवेदकाच्या कानात घुमणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांचा प्रत्यय या विरोधातून येतो. आवाज नसलेल्या माध्यमात आवाजाची मांडणी चौकटींच्या क्रमाने केली आहे. दोन लेखकांसाठी जवळजवळ एकाच काळात परस्परविरोधी शैली वापरणारा चित्रकार शैलीला स्वतःची खूण मानत नव्हता, कथेच्या प्रश्नाचे उत्तर मानत होता, हे यावरून स्पष्ट होते.

६

१९७६ साली अर्जेंटिनात पुन्हा लष्करी सत्ता आली. ओस्टरहेल्ड भूमिगत राजकीय कार्यात सामील झाले होते. १९७७ साली त्यांना पकडून नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या चारही कन्या याच काळात नाहीशा करण्यात आल्या. ब्रेच्चा देशातच राहिले. कार्लोस त्रियो या लेखकाबरोबर ऐंशीच्या दशकाच्या आरंभी केलेल्या 'बुस्काविदास'मध्ये इतरांच्या आयुष्यातील गोष्टी गोळा करीत हिंडणारा एक गलेलठ्ठ, चेहराहीन गृहस्थ आहे. भोवतालची माणसे विद्रूप आणि फुगलेली आहेत. दहशतीच्या काळातील दैनंदिन निबरपणा या विकृत आकारांत साठलेला आहे.

त्यानंतरची 'पेर्रामुस' ही हुआन सास्तुराइन यांच्या संहितेवरील दीर्घ चित्रकथा. सत्तेचे सैनिक येतात तेव्हा साथीदारांना न जागवता पळून गेलेला एक माणूस अपराधाच्या ओझ्यातून सुटण्यासाठी विस्मरण पत्करतो. अंगावरील रेनकोटाच्या चिठ्ठीवरचे नाव हेच त्याचे नाव होते. राज्यकर्त्या सेनानींना यात कवटीचे तोंड आहे. आंधळे वृद्ध बोर्हेस हे या कथेत एक पात्र म्हणून वावरतात, आणि प्रत्यक्षात न मिळालेले नोबेल पारितोषिक त्यांना येथे मिळते. चित्रांत टाकाची रेषा जवळजवळ नाहीशी झाली आहे. राखाडी रंगाचे थर, कागदाचे कपटे आणि पुसलेले डाग यांतून आकृती उभ्या राहतात. ज्याने आपला भूतकाळ पुसला आहे त्याच्या कथेत बाह्यरेषाही पुसली जावी, हा योग कलात्मक दृष्ट्या अपरिहार्य वाटतो. मानवी हक्कांच्या संदर्भात या कृतीला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचे पारितोषिक लाभले. १९९३ साली, मृत्यूच्या वर्षी, एर्नेस्तो साबातो यांच्या कादंबरीतील 'आंधळ्यांविषयीचा अहवाल' या भागाचे त्यांनी केलेले रूपांतर प्रसिद्ध झाले. न दिसणाऱ्यांच्या जगाविषयीची ही कृती त्यांच्या शैलीच्या प्रवासाचा स्वाभाविक शेवट ठरावी.

७

ब्रेच्चा यांचा प्रवास स्पष्ट रेषेकडून अस्पष्टतेकडे झाला, असे सुलभीकरण करणे योग्य होणार नाही. पो यांच्या रूपांतराने ते खोटे ठरते. अधिक नेमके विधान असे करता येईल : कथेतील जाणणारा कोण, त्याला किती कळले आहे आणि त्याच्या साक्षीवर कितपत विश्वास ठेवावा, या निवेदनाच्या प्रश्नांचा निर्णय त्यांनी दर वेळी रेषेच्या पातळीवर नव्याने केला. गुप्तहेरकथेत सर्व दिसते, कारण अखेरीस सर्व कळणार असते. 'मॉर्ट सिंडर'मध्ये साक्षीदार आहे, म्हणून ओरखडे आहेत. दुसऱ्या 'एतेर्नाउता'त विश्वास ढळला आहे, म्हणून डाग आहेत. 'पेर्रामुस'मध्ये साक्षीदाराने साक्षच नाकारली आहे, म्हणून बाह्यरेषा उरलेली नाही. कादंबरीच्या समीक्षेत ज्याला दृष्टिकोण म्हणतात, त्याचे कार्य चित्रकथेत पुष्कळ प्रमाणात चित्रकार करतो. मग कर्तृत्वाच्या श्रेयात त्याचे स्थान दुय्यम मानण्यास आधार राहत नाही.

या निष्कर्षाचा मराठीतील अभ्यासाशी थेट संबंध आहे. १९६४ साली सुरू झालेले 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि १९६७ पासूनची 'अमर चित्रकथा' या मालिका मराठी वाचकांच्या एकाहून अधिक पिढ्यांनी वाचल्या. 'अमर चित्रकथे'साठी 'कृष्ण' रेखाटणारे राम वाईरकर यांनीच पुढे १९८३ साली 'टिंकल'मध्ये सुप्पांडी हे विनोदी पात्र चितारले. त्याच मालिकेत पौराणिक-ऐतिहासिक चित्रकथा काढणारे प्रताप मुळीक १९८६ साली आलेल्या 'नागराज' या हिंदी कॉमिक्सच्या नायकाचे आरंभीचे चित्रकार होते. देवकथेपासून विनोदापर्यंत आणि पुराणपुरुषापासून आधुनिक महानायकापर्यंत एकाच हाताने केलेले हे प्रवास व्यवसायाच्या गरजेतून झाले असतील. ब्रेच्चा यांचेही आरंभीचे काम त्याच गरजेतून झाले होते. परंतु त्यांत निवेदनाचे कोणते प्रश्न सोडवले गेले, हे अंक समोर ठेवून, चौकट, छाया, पोत आणि शब्दचित्रसंबंध या अंगांनी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ते अंक स्वस्त कागदावर छापलेले आहेत, आणि ग्रंथालयांनी अशा प्रकाशनांचे जतन करणे क्वचितच महत्त्वाचे मानले आहे. अभ्यासाचा आरंभ संग्रहापासून होणे म्हणूनच निकडीचे आहे.